त्रेपन्न टक्के बरोबर: एका शोधनिबंधाचं प्रकरण

२०११ साली 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी' या नियतकालिकात डॅरिल बेम यांचा एक शोधनिबंध छापून आला. त्यात नऊ प्रयोग होते आणि सहभागींची एकूण संख्या हजाराच्या वर होती. दावा असा होता की अजून न घडलेल्या घटनेचा माणसाच्या आत्ताच्या निवडीवर आणि स्मरणावर परिणाम होतो. नऊपैकी आठ प्रयोगांचे निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक, म्हणजे परिणाम मुळात नसता तर क्वचितच आले असते असे, निघाले होते. नियतकालिक सामाजिक मानसशास्त्रातल्या अव्वल नियतकालिकांपैकी एक. लेखक कॉर्नेल विद्यापीठातले ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ. माणूस स्वतःची मतं अनेकदा स्वतःच्याच वागण्यावरून ताडतो, हा त्यांचा सिद्धान्त आजही पाठ्यपुस्तकांतून शिकवला जातो. समीक्षकांनी निबंध तपासला होता, संपादकांनी स्वीकारला होता.

म्हणजे विद्यार्थ्याला 'चांगलं संशोधन कसं ओळखायचं' म्हणून ज्या खुणा सांगितल्या जातात, त्या जवळजवळ सगळ्या इथे होत्या. मग भविष्य आधी जाणवतं हे सिद्ध झालं असं मानायचं का? आणि मानायचं नसेल, तर नेमक्या कोणत्या कारणाने? 'असं होऊच शकत नाही' हे उत्तर संशोधन पद्धतीच्या वर्गात चालत नाही. कारण तेच उत्तर उद्या कुणीही आपल्याला न आवडणाऱ्या कोणत्याही निष्कर्षाला देऊ शकेल.

मानसशास्त्राचे बरेच विद्यार्थी संख्याशास्त्राकडे एक अडथळा म्हणून पाहतात. कोणत्या माहितीला कोणती चाचणी लावायची याचा तक्ता पाठ करायचा, एसपीएसएस या संगणक प्रणालीत योग्य बटण दाबायचं, तक्त्यातला शेवटचा रकाना, म्हणजे पी-मूल्य, ०.०५ पेक्षा कमी आहे का ते बघायचं, की झालं. बेम यांच्या निबंधात ही सगळी कामं रीतसर केलेली आहेत. चाचण्या नेहमीच्या, सूत्रं पाठ्यपुस्तकातली. तरीही हा निबंध मानसशास्त्राला हादरवून गेला, कारण प्रश्न चाचणीच्या आत नव्हता. आकडे चाचणीपर्यंत कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न होता. संख्याशास्त्र शिकताना ही वाट तपासण्याची सवय लागली नाही, तर बाकीचं शिक्षण फार उपयोगाचं नाही, असं माझं ठाम मत आहे. ते पटवायला मला या प्रकरणाइतकं चांगलं दुसरं उदाहरण माहीत नाही.

पहिला प्रयोग, हाताने मोजून

पहिल्या प्रयोगात शंभर विद्यार्थी होते, पन्नास मुली आणि पन्नास मुलगे. संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन पडदे दिसत. एकामागे चित्र, दुसऱ्यामागे नुसती भिंत. चित्र कुठे आहे ते ओळखायचं. मेख अशी की सहभागीने उत्तर दिल्यानंतरच चित्र डावीकडे ठेवायचं की उजवीकडे, हे संगणक यदृच्छेने ठरवत असे. म्हणजे उत्तर देताना ओळखण्याजोगं काही अस्तित्वातच नव्हतं. अंदाज बरोबर येण्याची शक्यता बरोब्बर निम्मी.

प्रत्येकाला असे ३६ प्रयत्न मिळत. त्यांतली काही चित्रं कामुक होती, बाकीची वेगवेगळ्या प्रकारची. कामुक चित्रांच्या बाबतीत ५३.१ टक्के उत्तरं बरोबर आली, इतर चित्रांच्या बाबतीत ४९.८ टक्के. पहिल्या आकड्यासाठी टी-चाचणीचं (सरासरी अपेक्षेपेक्षा वेगळी आहे का ते तपासणाऱ्या चाचणीचं) मूल्य २.५१ आणि पी-मूल्य ०.०१; पी-मूल्याचा अर्थ पुढे येतो.

इथे थांबून कागद-पेन घ्यावं. निबंधात लिहिलंय की पहिल्या ४० जणांना प्रत्येकी १२ कामुक चित्रं दाखवली आणि नंतरच्या ६० जणांना प्रत्येकी १८. गुणाकार केला तर ४८० अधिक १,०८०, एकूण १,५६० प्रयत्न होतात. निव्वळ योगायोगाने ७८० उत्तरं बरोबर यायला हवीत. ५३.१ टक्के म्हणजे सुमारे ८२८. सगळा दावा या जास्तीच्या ४८ उत्तरांवर उभा आहे. आता १,५६० वेळा नाणं उडवलं तर छापांची संख्या ७८०च्या आसपास किती मागेपुढे होते? त्याचं प्रमाण विचलन १,५६० च्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे २० ला जरा कमी. जास्तीची ४८ उत्तरं म्हणजे साधारण अडीच प्रमाण विचलनं. टी-मूल्य २.५१ का आलं असेल, ते आता सूत्र न पाहताही कळतं.

बारकाईने वाचणाऱ्याने एक फरक नोंदवला असेल. मी प्रयत्न मोजले, बेम यांच्या टी-चाचणीने माणसं मोजली. त्यांनी प्रत्येकाची टक्केवारी काढली, शंभर टक्केवारींचं मध्यमान ५० पेक्षा वेगळं आहे का ते पाहिलं, म्हणून मुक्तिमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे सहभागी वजा एक) ९९. माणूस हे एकक धरणं इथे जास्त योग्य आहे, कारण एकाच माणसाची १८ उत्तरं एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतीलच असं नाही. प्रबंधात हमखास होणारी एक गफलत इथेच असते: तीस जणांकडून प्रत्येकी वीस प्रतिसाद घेतले की नमुना सहाशेचा झाला असं समजणं.

परिणामाचा आकारही इथेच काढता येतो. टी-मूल्याला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं: २.५१ भागिले १० म्हणजे ०.२५. याला कोहेनचा डी म्हणतात. ०.२ ला लहान, ०.५ ला मध्यम आणि ०.८ ला मोठा म्हणायचा जेकब कोहेन यांचा संकेत आहे. नऊ प्रयोगांची सरासरी ०.२२ होती. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

०.०१ म्हणजे नेमकं काय

पी-मूल्य ०.०१ आलं की बहुतेक विद्यार्थी आणि कितीतरी शिक्षकही म्हणतात, 'हा निष्कर्ष योगायोगाने आलेला असण्याची शक्यता फक्त एक टक्का.' हे चूक आहे, आणि ही चूक शाब्दिक नाही. पी-मूल्य सांगतं ते असं: शून्य परिकल्पना, म्हणजे मुळात काहीच परिणाम नाही हे गृहीतक, खरी आहे असं मानलं, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता किती. परिकल्पना खरी असण्याची शक्यता त्यात कुठेच नाही. तिच्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात: दावा मुळात किती संभवनीय होता, आणि परिणाम खराच असता तर तो पकडण्याची प्रयोगाची ताकद, म्हणजे पॉवर, किती होती.

हजार परिकल्पना तपासल्या असं समजू. त्यांतल्या शंभर खऱ्या आहेत आणि पॉवर ५० टक्के आहे. खऱ्यांपैकी ५० सापडतील. उरलेल्या ९०० खोट्यांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, केवळ योगायोगाने 'सार्थक' ठरतील. सार्थक निकाल एकूण ९५, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खोटे. आता हजारांत शंभरांऐवजी दहाच खऱ्या धरा. सापडतील ५, आणि खोटे सार्थक निकाल असतील ४९ किंवा ५०. दहांतले नऊ निकाल फसवे. दोन्ही वेळा पी-मूल्याची मर्यादा तीच होती, ०.०५.

भविष्य आधी जाणवण्याला तुम्ही हजारांत दहाचं स्थान द्याल की एकाचं, हे ज्याने त्याने ठरवावं. पण हे स्थान ठरवल्याशिवाय पी-मूल्यावरून 'दावा खरा असण्याची शक्यता' काढताच येत नाही. 'असं होऊच शकत नाही' या हटवादी उत्तराची जागा इथे एक प्रामाणिक गणित घेतं: असंभवनीय दाव्याला जास्त भक्कम पुरावा लागतो, आणि किती जास्त ते मोजता येतं.

०.०५ ही मर्यादा आली कुठून, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ती एक सोयीची मर्यादा म्हणून वापरली. पुढच्या पिढ्यांनी तिचा उंबरठा केला. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये अधिकृत निवेदन काढून सांगावं लागलं की पी-मूल्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता मोजत नाही, आणि केवळ या उंबरठ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत.

वाटा फुटतात तिथे

पुन्हा त्या ४० आणि ६० च्या विभागणीकडे येऊ. पहिल्या चाळीस जणांना कामुक, नकारात्मक आणि तटस्थ अशी प्रत्येकी १२ चित्रं दाखवली. पुढच्या साठ जणांच्या वेळी रचना बदलली: १८ कामुक आणि १८ कामुक नसलेली पण सुखद. बेम यांनी हे लपवलेलं नाही, निबंधातच लिहिलंय. पण प्रयोग मध्येच का बदलला? चाळीस जणांचे आकडे पाहून बदलला का? तसं असेल तर शंभर हा आकडा आधी ठरला होता की नंतर? निबंधातून हे कळत नाही, आणि पी-मूल्याचा अर्थ नेमका याच गोष्टींवर अवलंबून असतो.

प्रयोगात अशा फाट्यांची कमतरता नसते. चित्रांचे प्रकार पाच असतील, तर कोणत्या प्रकाराकडे 'मुख्य निकाल' म्हणून पाहायचं? पाचांपैकी कोणताही एक सार्थक निघाला तरी चालेल अशी मोकळीक ठेवली, आणि या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर फसवा निकाल मिळण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर जाते. वीस गोष्टी तपासल्या तर ६४ टक्क्यांवर. प्रतिसादाचा वेळ मोजणाऱ्या प्रयोगांत आणखी फाटे फुटतात: किती मिलिसेकंदांपुढचे प्रतिसाद वगळायचे, आकड्यांचा लॉगरिदम घ्यायचा की नाही, चुकीची उत्तरं देणाऱ्या सहभागींना ठेवायचं की काढायचं. प्रत्येक निर्णयाला वाजवी कारण देता येतं. नेमकी हीच अडचण आहे. वाजवी कारणं दोन्ही बाजूंना असतात, आणि आकडे समोर असताना माणसाचं मन आपोआप सोयीच्या कारणाकडे झुकतं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वेगळं सांगायला नको. पुष्टी-पूर्वग्रह आपण दुसऱ्या कुठल्या पेपरला शिकतो, आणि संख्याशास्त्राच्या पेपरला विसरतो.

बेम यांचा निबंध आला त्याच वर्षी जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सायमनसोन यांनी 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये एक निबंध छापला. एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं, असं त्यांनी खऱ्या सहभागींवर, खऱ्या चाचणीने, सार्थक पी-मूल्यासह दाखवलं. ही अशक्य गोष्ट त्यांनी मुद्दाम सिद्ध केली होती. किती गोष्टी मोजल्या, आकडे पाहून नमुना कधी थांबवला, कोणतं चल गणितात घेतलं, हे नेहमीच्या पद्धतीने अर्धवट सांगितलं की वाचकाला संशय येत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या हिशेबाने अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर फसव्या निकालाची शक्यता ५ वरून ६०.७ टक्क्यांवर जाते. माझ्या मते संशोधन पद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा स्वतः सिम्युलेशन करून पडताळावा. 'आर' किंवा जमोवीसारखी मोफत साधनं त्यासाठी पुरेशी आहेत. यदृच्छ संख्यांचे दोन गट तयार करायचे, दर दहा सहभागींनंतर चाचणी लावायची, सार्थक निकाल आला की थांबायचं, आणि हे हजार वेळा करायचं. दोन गटांत काहीही फरक नाही हे आपल्याला पक्कं माहीत असताना समोर सार्थक निकालांची रांग लागते. हा धक्का कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोलवर पोचतो.

इथे बेम यांच्याबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. २०११ मध्येच डिडेरिक स्टापेल या डच मानसशास्त्रज्ञाने खोटे आकडे रचल्याचं उघड झालं. बेम यांचं प्रकरण त्या जातीचं नाही, दोन्हींची गल्लत करू नये. बेम ज्या रीतीने काम करत होते ती त्या काळची मान्य रीत होती. त्यांनीच १९८७ मध्ये नवशिक्या संशोधकांसाठी शोधनिबंध कसा लिहावा यावर एक मार्गदर्शक प्रकरण लिहिलं होतं. त्यात सल्ला असा होता की आकडे सगळ्या बाजूंनी चाळून पाहा, आणि मुळात जो निबंध लिहायचा ठरवला होता तो लिहिण्यापेक्षा निकाल पाहिल्यावर जो सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो लिहा. कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना हे प्रकरण वाचायला दिलं जात होतं. आकडे चाळून पाहण्यात गैर काही नाही, नव्या कल्पना तिथूनच सुचतात. गैर आहे ते त्यातून सुचलेली परिकल्पना जणू आधीपासूनच होती अशी मांडणं आणि तिच्यावर त्याच आकड्यांनी शिक्कामोर्तब करणं. नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये या सवयीला 'हार्किंग' असं नाव दिलं.

२०१७ मध्ये एका मासिकाशी बोलताना बेम यांनी सांगितलं की एखादा प्रयोग पुढे सरकत नाही असं दिसलं की ते तो सोडून देत आणि बदल करून पुन्हा सुरू करत. कोणते सोडले याची काटेकोर नोंद त्यांनी ठेवली नव्हती. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये ज्याला 'फाइल ड्रॉवर'चा प्रश्न म्हटलं, तो हाच. नऊ प्रयोग छापले हे दिसतं. किती सुरू करून सोडले हे दिसत नाही, आणि 'नऊपैकी आठ' या आकड्याचं वजन त्या न दिसणाऱ्या संख्येवर ठरतं.

नमुना लहान, परिणाम मोठा

नऊ प्रयोगांचे नमुने आणि परिणामांचे आकार शेजारी शेजारी लिहिले की एक विलक्षण गोष्ट दिसते. सर्वांत मोठा नमुना सातव्या प्रयोगाचा, २०० जणांचा. त्याचा डी ०.०९, आणि सार्थक न ठरलेला एकमेव प्रयोग तोच. सर्वांत लहान नमुना नवव्याचा, ५० जणांचा. त्याचा डी ०.४२, सर्वांत मोठा. दीडशे जणांच्या प्रयोगांत डी ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कमी, शंभरांच्या प्रयोगांत साधारण ०.१९ ते ०.२६.

खरा परिणाम असेल तर त्याने नमुन्याच्या आकाराकडे पाहून स्वतःला लहान-मोठं करण्याचं कारण नाही. मग असं का दिसतं? बेम यांनी वापरलेल्या वन-टेल्ड, म्हणजे एकाच दिशेचा फरक पाहणाऱ्या, चाचणीत ५० जणांचा प्रयोग सार्थक ठरायला डी किमान ०.२४ लागतो, २०० जणांना ०.१२ पुरतो. लहान नमुन्यात परिणाम फुगलेला असेल तरच तो उंबरठा ओलांडतो. त्यामुळे सार्थक निकालच पुढे आणण्याची रीत असेल, तर लहान प्रयोगांमागे मोठे परिणाम आपोआप दिसू लागतात, मुळात परिणाम शून्य असला तरी. एरिक-यान वॅगनमेकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि इतरांनीही, या उलट्या नात्याकडे बोट दाखवलं.

आणखी एक युक्तिवाद विद्यार्थी उत्साहाने मांडतात: डी खरोखरच ०.२२ असता तरी नऊपैकी आठ सार्थक येणं संशयास्पद नाही का? हिशेब करू. शंभर जणांचा नमुना आणि ०.२२ चा परिणाम असताना पॉवर सुमारे ७० टक्के येते. प्रत्येक प्रयोगाची पॉवर तेवढी धरली, तर नऊपैकी किमान आठ सार्थक येण्याची शक्यता साधारण २० टक्के. पाचांत एकदा घडणारी गोष्ट काही अघटित नाही. म्हणजे इतक्या ढोबळपणे मांडलेला हा युक्तिवाद लंगडा आहे. ज्या निष्कर्षावर आपला विश्वास नाही त्याच्याविरुद्धही कच्चा पुरावा वापरू नये, ही शिस्त मला बाकी सगळ्या सूत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. विद्यार्थी असा युक्तिवाद आणतात तेव्हा मी त्यांना तो मोजूनच तपासायला लावतो.

पुन्हा करून पाहिलं तेव्हा

नववा प्रयोग स्मरणाचा होता. सहभागींना ४८ शब्द दाखवायचे, आठवतील तेवढे लिहायला सांगायचे, आणि त्यानंतर संगणकाने यदृच्छेने निवडलेल्या २४ शब्दांचा सराव करून घ्यायचा. दावा असा की ज्यांचा सराव नंतर होणार होता ते शब्द आधीच जास्त आठवले.

स्टुअर्ट रिची, रिचर्ड वाइजमन आणि क्रिस्टोफर फ्रेंच यांनी हा प्रयोग तीन ठिकाणी, प्रत्येकी ५० जणांवर, आधी नोंदणी करून पुन्हा केला. एकत्रित पी-मूल्य आलं ०.८३. काहीच सापडलं नाही. मूळ निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने मात्र त्यांचा निबंध परत पाठवला. आम्ही केवळ पुनरावृत्तीचे प्रयोग छापत नाही, असं धोरण सांगितलं. अखेर तो २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. शास्त्र स्वतःची चूक स्वतः सुधारतं असं आपण पहिल्याच धड्यात शिकवतो. या प्रकरणात ती सुधारणा मूळ नियतकालिकात छापून यायला आधी जागाच नव्हती, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला आजही वाईट वाटतं.

त्याच वर्षी जेफ गॅलक आणि सहकाऱ्यांचे सात प्रयोग मात्र त्याच नियतकालिकात आले. एकूण सहभागी ३,२८९, आणि सरासरी डी ०.०४, शून्यापासून वेगळा न काढता येणारा.

बेम यांनी हार मानली नाही, आणि त्यांची बाजूही शिकण्यासारखी आहे. वॅगनमेकर्स यांनी बेझच्या पद्धतीने, म्हणजे पुरावा दाव्याच्या बाजूने किती आणि विरुद्ध किती झुकतो ते मोजत, तेच आकडे पुन्हा तपासले होते. दहांपैकी एकाच चाचणीत दाव्याच्या बाजूने ठीकसा पुरावा मिळाला, तिघींत विरुद्ध बाजूने, बाकी सहा अनिर्णित. यावर बेम, जेसिका अट्स आणि वेस्ली जॉन्सन यांनी उत्तर दिलं की तुम्ही परिणाम अवास्तव मोठे असतील असं आधीच गृहीत धरलंत. मानसशास्त्रात परिणाम लहानच असतात, ते लक्षात घेऊन गणित केलं तर पुरावा भक्कम निघतो. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या गंभीर आहे. बेझची पद्धत वापरली की व्यक्तिनिष्ठ निवडींपासून सुटका होते, असा समज कुणाचा असेल तर या वादाने तो जावा. निवड असतेच, फक्त ती उघड्यावर येते.

२०१५ मध्ये बेम आणि सहकाऱ्यांनी ३३ प्रयोगशाळांतल्या ९० प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण मांडलं. सरासरी परिणाम ०.०९, पण पी-मूल्य अतिशय लहान. एकत्रित विश्लेषणाला पुराव्याच्या शिडीची सर्वांत वरची पायरी समजणाऱ्याने इथे काय करायचं? त्यात आत काय गेलं ते पाहायचं. निवडून छापलेले आणि लवचीक रीतीने केलेले प्रयोग एकत्र केले, तर त्यांचा कल धुऊन निघत नाही, उलट जास्त नेमकेपणाने मोजला जातो.

हा पेच सुटला तो दोन्ही बाजूंनी आधी अटी मान्य केल्यावर. झोल्टान केकेश यांच्या पुढाकाराने, दावा मानणारे आणि न मानणारे असे दोन्हीकडचे संशोधक एकत्र बसले आणि पहिल्या प्रयोगाची पुनरावृत्ती कशी करायची ते ठरवलं. कोणता निकाल आला तर काय म्हणायचं हेही आकडे गोळा करण्याआधीच लिहून ठेवलं. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी दोन हजारांवर सहभागींकडून सुमारे ३७,८०० प्रयत्न गोळा केले. निकाल २०२३ मध्ये छापला गेला: ४९.८९ टक्के बरोबर. पुन्हा तोच हिशेब करू. इतक्या प्रयत्नांना प्रमाण विचलन सुमारे ९७. बेम यांचा ५३ टक्क्यांचा आकडा खरा असता तर हजाराहून जास्त उत्तरं जादा बरोबर यायला हवी होती. प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा चाळीसेक कमीच आली.

स्वतःच्या प्रबंधाकडे

हे प्रकरण भविष्यज्ञानाबद्दल आहे असं समजून बाजूला ठेवलं तर त्यातलं बरंच वाया जाईल. २०१५ मध्ये ओपन सायन्स कोलॅबरेशनने मानसशास्त्रातल्या १०० छापील अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के उरले. त्यांत भविष्य जाणण्याचा प्रश्न नव्हता. स्मरण, अवधान, सामाजिक वर्तन असे नेहमीचे विषय होते.

पदव्युत्तर प्रबंध करणाऱ्याने यातून पहिली गोष्ट घ्यावी ती नमुन्याची. अपेक्षित परिणाम ०.२२ इतका लहान असेल आणि पॉवर ८० टक्के हवी असेल, तर नेहमीच्या दोन्ही बाजूंच्या चाचणीत, एका गटाचं मध्यमान ठरावीक मूल्याशी ताडायला सुमारे १६५ सहभागी लागतात. दोन स्वतंत्र गटांची तुलना करायची तर प्रत्येक गटात सुमारे ३२५. गॅलक यांचा ०.०४ पकडायचा तर एका गटाच्या रचनेतही जवळजवळ पाच हजार. 'प्रत्येक गटात तीस पुरे' हा वर्गावर्गांत फिरणारा नियम या गणितापुढे टिकत नाही. प्रत्येक गटात तीसच मिळणार असतील, तर विषय बदलावा, एकाच सहभागीकडून दोन्ही परिस्थितींत मोजमाप घेता येईल अशी रचना करावी, किंवा जास्त विश्वसनीय मापन वापरावं. लहान नमुन्यावर मोठी परिकल्पना उभी करू नये.

दुसरी गोष्ट पूर्वनोंदणीची. मोफत संकेतस्थळावर किंवा निदान मार्गदर्शकांना पाठवलेल्या तारखेच्या पत्रात, आकडे गोळा करण्याआधी लिहावं: परिकल्पना कोणती, मुख्य चल कोणतं, किती सहभागी झाल्यावर थांबणार, कुणाला वगळणार, कोणती चाचणी लावणार. नंतर काही वेगळं सुचलं तर ते अवश्य करावं आणि 'हे शोधक विश्लेषण आहे' असं स्वतंत्र मथळ्याखाली लिहावं. काही नियतकालिकं तर २०१३ पासून प्रयोग करण्याआधीच केवळ रचना पाहून निबंध स्वीकारू लागली आहेत. निकाल काहीही आला तरी तो छापला जातो.

मार्गदर्शकांनी 'सार्थक काहीच आलं नाही, आणखी दहा जण घेऊन बघ' असं सुचवलं तर काय करायचं, हा विद्यार्थ्यांचा सर्वांत अवघड प्रश्न. नकार देणं प्रत्येकाला जमेल असं नाही. पण प्रबंधात एक वाक्य लिहिणं जमतं: पन्नास सहभागींनंतर विश्लेषण केलं, निकाल सार्थक नव्हता, त्यानंतर आणखी दहा सहभागी घेतले. वाचणारा त्या पी-मूल्याला किती किंमत द्यायची ते ठरवेल.